हाताने फेकलेला चेंडू आणि सर्व्हिसचा चेंडू

प्रश्न: मी पेडणे तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवते. आमच्या व्हॉलीबॉल संघात सहावी ते नववीच्या चौदा मुली आहेत. आठवड्यातून चार दिवस शाळा सुटल्यावर तासभर सराव असतो. चेंडू पाच आहेत, जाळी आहे. मैदान तांबड्या मातीचे, पावसात निसरडे आणि एरवी दगडासारखे कडक. मुली सरावात सुंदर अंडरहँड पास करतात, एकेक जण पंचवीस-पंचवीस वेळा चेंडू माझ्या हातात परत देते. पण तालुका पातळीवरील सामन्यात समोरच्या संघाच्या सर्व्हिसवरच आम्ही दोन्ही सेट हरलो. दोन उंच मुलींना स्मॅशशिवाय दुसरे काही नको असते. एकीचा गुडघा दुखतो. काही पालक म्हणतात, रविवारी मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत सराव घ्या. मी नेमकी कुठून सुरुवात करू?

उत्तर:

आदरणीय बाई,

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रातील एका वाक्यात आहे. ‘चेंडू माझ्या हातात परत देते’ असे आपण लिहिले आहे. म्हणजे सरावात चेंडू आपल्या हातून, तीन-चार मीटरवरून, अलगद मुलीच्या पुढ्यात येतो आणि आल्या वाटेने परत जातो. सामन्यात तो जाळीपलीकडून, अंतिम रेषेमागून येतो. कधी आखूड पडतो, कधी खांद्याच्याही वर येतो, कधी दोघींच्या मधोमध शिरतो. आणि तो आल्या वाटेने परत पाठवायचा नसतो, तर बाजूला जाळीजवळ उभ्या असलेल्या सेटरकडे, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या मुलीकडे, वळवायचा असतो. या दोन क्रियांमध्ये हातांची ठेवण तेवढी सारखी आहे. पहिली क्रिया आपल्या मुली उत्तम शिकल्या आहेत, दुसरी त्यांना अजून कोणी शिकवलेली नाही. यात त्यांचा दोष तर नाहीच, पण आपलाही फारसा नाही, कारण बहुतेक मैदानांवर सराव असाच चालत आला आहे. मीही कित्येक वर्षे मुलांना रांगेत उभे करून चेंडू फेकत राहिलो आणि सामन्यात ते चुकले की त्यांच्यावरच चिडलो.

थोडा हिशेब मांडून पाहा. चौदा मुलींची एक रांग आहे, आपण दर पाच सेकंदांनी एक चेंडू फेकता, म्हणजे मिनिटाला बारा आणि वीस मिनिटांत दोनशे चाळीस. प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम सतरा चेंडू येतात आणि उरलेला सगळा वेळ ती रांगेत उभी असते. त्या सतरांपैकी सर्व्हिसचा चेंडू एकही नसतो. आता सामना पाहा. पूर्वी केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे. 1990च्या दशकाच्या अखेरीस ती पद्धत गेली आणि आता सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू बाद होईपर्यंतच्या खेळाला, गुण असतो. म्हणून चुकलेले प्रत्येक रिसीव्ह, म्हणजे समोरची सर्व्हिस घेताना झालेली प्रत्येक चूक, थेट समोरच्या संघाच्या खात्यात जमा होते आणि समोरची एक मुलगी लागोपाठ सहा-सात सर्व्हिस करून सेट हातचा काढून घेऊ शकते. आपल्या संघाचे नेमके हेच झाले असावे.

सर्व्हिस घेताना मुलीकडे वेळ किती असतो, हेही ध्यानात घ्यावे. मैदानाची लांबी 18 मीटर आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची सर्व्हिस, जी शाळकरी मुलींमध्ये चांगलीच जोरकस म्हणावी लागेल, मागच्या फळीपर्यंतचे पंधरा-सोळा मीटर सुमारे एका सेकंदात कापते. त्या एका सेकंदात चेंडू कुठे पडणार हे ओळखणे, पावले हलवणे, थांबणे आणि हात लावणे एवढे सगळे उरकायचे असते. चेंडू जाळी ओलांडून आल्यावर जी मुलगी हलायला लागते, ती धावता धावता हात जोडते आणि चेंडू कडेला उडतो. चांगली रिसीव्हर समोरचीच्या हातात चेंडू असल्यापासून पाहत असते: तिने चेंडू किती वर उडवला, खांदा कोणत्या दिशेला वळला, तळवा चेंडूच्या मध्यावर लागला की खाली. हे पाहणे फेकलेल्या चेंडूवर शिकता येत नाही, कारण त्या चेंडूमागे सर्व्हिस करणारीच नसते.

म्हणून माझा पहिला सल्ला आपल्याला कदाचित उलटा वाटेल: रिसीव्ह सुधारण्यासाठी आधी सर्व्हिस सुधारा. ज्या संघाची स्वतःची सर्व्हिस दुबळी, त्याच्या मुलींना चांगल्या सर्व्हिसची ओळख थेट सामन्यातच होते. आपल्या चौदा जणींपैकी पाच-सहा जणींची सर्व्हिस जरी भरवशाची झाली, तरी उरलेल्यांना रोज खऱ्याखुऱ्या चेंडूवर सराव मिळेल.

सहावी-सातवीच्या मुलींनी अंडरहँड सर्व्हिसपासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा काहीच नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचा डावा पाय पुढे असावा, डाव्या तळव्यावर कमरेच्या उंचीला चेंडू असावा आणि उजवा हात लोलकासारखा मागून पुढे यावा. मात्र चेंडूला मारण्यापूर्वी तो तळव्यावरून सुटलेला असला पाहिजे. तळव्यावर धरलेल्या चेंडूलाच मारणे हा दोष आहे, आणि शालेय सामन्यांत या कारणाने गुण गमावणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आठवी-नववीच्या मुलींना वरून मारायची सर्व्हिस शिकवा. चेंडू डोक्याच्या वर हात-दीड हातच, खांद्याच्या किंचित पुढे उडवावा, डाव्या पायाचे एक पाऊल टाकावे, तळव्याच्या मनगटाकडील कठीण भागाने चेंडूच्या बरोबर मध्यावर मारावे आणि हात तिथेच थांबवावा. असा मारलेला चेंडू फिरत नाही. न फिरणाऱ्या चेंडूवर हवेचा दाब सगळीकडून सारखा राहत नाही, त्यामुळे तो शेवटच्या टप्प्यात डगमगतो. बोलीभाषेत आपण ज्याला ‘फ्लोटर’ म्हणतो, तो हाच. शंभरातील नव्वद चुका उडवण्यात होतात, म्हणून आठवडाभर नुसते उडवून पुढच्या पायाजवळ खाली पडू द्यायला सांगा. सुरुवात जाळीपासून सहा मीटरवर करावी. दहापैकी सात सर्व्हिस पलीकडे जाऊ लागल्या की दोन पावले मागे. अंतिम रेषेची घाई केली की मुली अंग मुरगाळून चेंडू फेकू लागतात आणि ती सवय पुढे वर्षभर जात नाही.

आता प्रत्यक्ष सराव. मैदानाचे लांबीच्या दिशेने दोन उभे भाग करा, म्हणजे प्रत्येकी साडेचार मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टीत सात मुली आणि दोन चेंडू. पाचवा चेंडू आपल्याजवळ राखीव. जाळीच्या एका बाजूला दोघी सर्व्हिस करतील, दुसऱ्या बाजूला दोघी रिसीव्ह करतील, एक सेटरच्या जागी हात वर करून उभी राहील आणि आलेला चेंडू झेलेल, उरलेल्या दोघी चेंडू गोळा करून पोचवतील. सेटरने चेंडू झेलायचा, खेळायचा नाही. कारण पास कुठे आला हे त्यामुळे सगळ्यांना स्पष्ट दिसते. सर्व्हिस केलेली मुलगी जाळीखालून न जाता कडेने पळत रिसीव्हच्या जागी यावी, रिसीव्ह केलेली सेटरच्या जागी, झेललेली चेंडू घेऊन सर्व्हिसच्या रांगेत. हा फेरा एकदा अंगवळणी पडला की आपल्याला ओरडावे लागत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मात्र गोंधळ होईल, अर्ध्या सर्व्हिस जाळीत अडतील आणि जुना रांगेचा सरावच बरा होता असे आपल्याला वाटेल. तेव्हा माघार घेऊ नका.

सेटरची जागा नक्की करून जमिनीवर फक्कीने चौकोन आखा: दोन आणि तीन क्रमांकाच्या (पुढच्या फळीतील उजव्या आणि मधल्या) जागांच्या मध्ये, जाळीपासून साधारण एक मीटर आत. बाजूला एखादी मुलगी वही घेऊन बसवा. गुडघा दुखणाऱ्या मुलीला हे काम देता येईल आणि ती संघापासून तुटणार नाही. पास चौकोनात किंवा एका पावलावर गेला तर 3, सेटरला पळावे लागले पण उचलता आला तर 2, कसाबसा वर राहिला तर 1, गेला तर 0. व्हॉलीबॉलमध्ये रिसीव्ह मोजण्याची ही रूढ पद्धत आहे. समजा एखादीला वीस सर्व्हिस मिळाल्या आणि बेरीज 28 झाली, तर तिची सरासरी 1.4. सुरुवातीला बहुतेकींची सरासरी 1 च्या आसपास असेल, आणि आपल्याला वाटत होते त्याच मुली सगळ्यात पुढे असतील असेही नाही. मुलींना एकमेकींशी तुलना करू देऊ नका, प्रत्येकीने आपल्या मागच्या आठवड्याच्या आकड्याशी तुलना करावी.

तंत्राविषयी थोडेच लिहितो, कारण हातांची ठेवण आपण चांगली शिकवलेली दिसते. एका हाताचा तळवा दुसऱ्यात, अंगठे शेजारी-शेजारी आणि खाली वळलेले, कोपर सरळ, चेंडू मनगटाच्या जरा वर सपाट भागावर. बोटे एकमेकांत गुंफू देऊ नका. चेंडू बोटांवर बसला तर दुखापत होते. खरी अडचण दुसरीकडे असते. फेकलेल्या चेंडूवर वाढलेल्या मुली चेंडूला बळ देण्यासाठी हात झोकतात, कारण फेकलेल्या चेंडूत बळ नसते. सर्व्हिसच्या चेंडूत ते आधीच असते, त्याला केवळ दिशा हवी असते. हात न झोकता, ज्या खांद्याच्या बाजूने चेंडू येतो तो खांदा किंचित वर आणि पुढे, म्हणजे हातांचा सपाट भाग आपोआप सेटरकडे कलता होतो. मुलींना ‘हात आणि जाळीजवळची मैत्रीण यांच्यात तिरके छप्पर बांध’ असे सांगून पाहा. मांडवी पुलावरच्या गाड्यांइतक्या सूचना एका वेळी देऊ नका, एका दिवशी एकच. खांद्याच्या वर आलेली सर्व्हिस बोटांनीही घेता येते. संघाच्या पहिल्या स्पर्शात, एकाच क्रियेत चेंडू लागोपाठ दोनदा लागला तरी तो दोष धरत नाहीत. फक्त धरून फेकता कामा नये. मुली या भीतीनेच उगाच मागे पळत सुटतात.

एक जुनी गैरसमजूतही दूर करावी लागेल. गावातील पूर्वीचे खेळाडू मदतीला येतात तेव्हा जाळीला लागलेली सर्व्हिस बाद असे सांगतात. त्यांच्या काळी ते बरोबर होते. या शतकाच्या सुरुवातीपासून जाळीला स्पर्श करून पलीकडे पडलेली सर्व्हिस चालू चेंडू मानली जाते, म्हणून पुढच्या फळीतील मुलींनी जाळीजवळ गळणाऱ्या चेंडूसाठी तयार असलेच पाहिजे.

दोघींच्या मधला चेंडू कोणाचा, हे सामन्यात ठरवायचे नसते. पाच जणींनी इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात उभे राहण्याची पद्धत आपल्या संघाला सध्या योग्य आहे. त्यात पुढची आणि मागची यांच्या मधला चेंडू मागचीने घ्यावा, कारण पुढे येणे मागे जाण्यापेक्षा सोपे असते. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघींपैकी कोणी घ्यायचा हे प्रत्येक जोडीत आधी ठरलेले असावे. ‘माझा’ ही हाक चेंडू जाळीवर येण्याआधी आली पाहिजे. चेंडू पडल्यावर दोघी एकमेकींकडे पाहतात, तेव्हा हाक दोघींनीही दिलेली नसते. आपल्या गावांतील मुली अनोळखी लोकांसमोर मोठ्याने ओरडायला संकोचतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून सरावात हाक न देता घेतलेल्या उत्तम पासलाही शून्य गुण द्या.

जोडीजोडीने समोरासमोर उभे राहून पास, सेट (बोटांनी चेंडू उचलून देणे), स्मॅश असा जो सराव सगळीकडे चालतो, त्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. अंग गरम करायला तो पाच मिनिटे ठीक आहे. पण त्यातही चेंडू आला त्याच दिशेला जातो. त्याऐवजी तिघींचा त्रिकोण करा, म्हणजे प्रत्येक चेंडू एका दिशेने येईल आणि दुसऱ्या दिशेला जाईल. जाळीच्या दोन्ही बाजूंना तिघी-तिघी घेऊन त्याच साडेचार मीटरच्या पट्टीत सामने खेळवा. तीन स्पर्श पूर्ण करून चेंडू पलीकडे घालवला तर दोन गुण, एका किंवा दोन स्पर्शांत घालवला तर एक, एवढाच नियम बदला. सहा-सहाच्या सामन्यात मागच्या कोपऱ्यातील लाजरी मुलगी दहा मिनिटे चेंडूला हात न लावता काढू शकते, तिघींच्या खेळात तिला ती सोय नसते. तासाभरातील निदान पंचवीस मिनिटे असे छोटे सामने असावेत असे मी म्हणेन.

उंच मुलींचे काय करायचे? त्यांना स्मॅश जरूर द्या, पण सरावाच्या शेवटी आणि पास-सेट होऊन आलेल्या चेंडूवरच. आपण फेकलेल्या चेंडूवर रांगेने स्मॅश मारणे हा वेळ खाणारा करमणुकीचा प्रकार आहे. उजव्या हाताने मारणाऱ्या मुलीची पावले डावे, उजवे, डावे अशी पडावीत, शेवटची दोन झपकन. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. महिलांच्या सामन्यात जाळी 2.24 मीटर उंच असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलींसाठी सरावात ती दोन मीटरच्या आसपास खाली घ्या आणि स्पर्धेपूर्वी पत्रकात दिलेल्या उंचीवर आणा. आणि या दोघींना रिसीव्हमधून सूट देऊ नका. तेराव्या वर्षी जी संघात सगळ्यात उंच असते, ती सतराव्या वर्षी मधल्या उंचीची निघू शकते. तोपर्यंत केवळ स्मॅश शिकलेल्या मुलीला मग जागा उरत नाही. उलट संघातील ठेंगणी पण चपळ मुलगी आजच हेरून ठेवा. 1998 पासून आंतरराष्ट्रीय खेळात लिबेरो ही खास बचावपटूची जागा आली आहे आणि चांगले रिसीव्ह हेच तिचे मुख्य काम असते.

गुडघ्याविषयी मी वैद्य नाही, तरी एवढे सांगतो. वाढीच्या वयात, विशेषतः उड्या मारणाऱ्या मुलामुलींमध्ये, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा असतो तिथे दुखणे पुष्कळदा आढळते आणि ते विश्रांतीने व उड्या कमी केल्याने बहुधा निवळते. पण सूज असेल, मुलगी लंगडत असेल, रात्री दुखत असेल किंवा गुडघा अडकत असेल तर पालकांना सांगून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवाच. मलम चोळून खेळवू नका. आपले मैदान कडक असल्याने सगळ्यांच्याच उड्या मोजा. मी या वयाला आठवड्यातून दोनच दिवस, दर वेळी पंचवीस-तीस उड्यांपलीकडे जात नाही. जाळीखाली कोणाचा पाय आला तर खेळ ताबडतोब थांबवा. दुसऱ्याच्या पावलावर उतरल्याने घोटा मुरगळणे ही या खेळातील सर्वांत नेहमीची दुखापत आहे.

मोरजीच्या किनाऱ्याची सूचना अर्धी चांगली आहे. वाळूत उतरणे मऊ होते, पाय कणखर होतात आणि मुलींना मजा येते. परंतु वाऱ्यात सर्व्हिस आणि सेट यांचा अंदाज वेगळा होतो आणि वाळूतील पावलांची गती मैदानावर उपयोगी पडत नाही; तेव्हा महिन्यातून दोन रविवार पुरे, आणि तेही पाठलागाचे खेळ व दोघी-दोघींच्या छोट्या सामन्यांसाठी. ओहोटीच्या वेळी ओली घट्ट वाळू मिळते, तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघा. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेपासून जाळी दूर लावावी, हे मुलींनाही समजावून सांगा.

पावसात मैदान निसरडे असेल त्या दिवशी उगाच चिखलात उतरू नका. शाळेच्या सभागृहात किंवा लांब व्हरांड्यात भिंतीवर दोन खुणा करून एका खुणेवरून आलेला चेंडू दुसऱ्या खुणेवर पाठवण्याचा सराव द्या. इथेही दिशा बदलण्याचाच नियम. सर्व्हिस उडवण्याचा सराव, पावले आणि बोटांचे सेट याच दिवसांत होतात. भिजलेला चेंडू जड होतो आणि लहान मुलींच्या हातांना बोचतो, तो पुसून सावलीत वाळवा. चतुर्थीच्या सुट्टीत सगळ्या मुली घरच्या आणि आजोळच्या गणपतीला जाणार; त्या दिवसांत सरावाचा आग्रह धरू नका. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा सरासरी खाली येईल, तिच्यावरून कोणाला संघातून काढू नका.

सहा आठवडे असा सराव झाला की वहीतील आकडे मला कळवा. सर्व्हिस दहापैकी किती जातात आणि रिसीव्हची सरासरी किती, हे दोन्ही हवेत. सरासरी 1.5 च्या आसपास येऊन अडली असेल, तर मुली कोणत्या जागी उभ्या राहतात त्याचा एक कच्चा आराखडाही सोबत पाठवा; मग डब्ल्यू सोडून चौघींनी रिसीव्ह करण्याविषयी लिहीन.